दोन्हीकडची

"सरकारी माणूस येऊन आमची निवडणूक घेणार? उद्या म्हशीबी तोच पिळंल की!"

माझा भाऊ हिंदुराव भैरोबाच्या देवळात उभा राहून हे ओरडला, तेव्हा सगळी सभा हसली. हसली नाहीत ती फक्त त्याच्या समोर खांबाला टेकून बसलेली केरबा पोवारांची माणसं. केरबा पोवार म्हणजे माझे सासरे. मी बायकांच्या बाजूला, आईच्या शेजारी बसले होते आणि मला दोन्हीकडं बघायची चोरी होती.

सभा गावच्या दूध संस्थेची. कोल्हापूरपासून तासाभरावरच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीपेक्षा दूध संस्थेला मान जास्त. पंचायत वर्षातून दोनदा आठवते, म्हैस रोज दोनदा. संस्थेवर अकरा जण निवडून जायचे. त्या वर्षी दोन्ही पार्ट्यांनी पाच-पाच जागा आपसांत वाटून घेतल्या आणि अकराव्या जागेवर घोडं अडलं. अकरावा ज्याचा, चेअरमन त्याचा. त्या जागेला एकीकडून माझा भाऊ, आधीचा चेअरमन; दुसरीकडून माझे सासरे. मी गावातलीच लेक आणि गावातलीच सून. देवळाच्या वरच्या अंगाला माहेर, खालच्या अंगाला सासर.

लहान संस्थांना तेव्हा मुभा होती. निवडणूक घेणारा अधिकारी सभेनं आपल्यातला निवडला तरी चालायचं, नाहीतर तालुक्याहून सरकार नेमून पाठवायचं. आमच्याकडं आजवर आपल्यातलाच निवडत आले होते. या खेपेला मात्र मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सरकारी माणूस हवा होता.

"गावातला माणूस कुणाचा ना कुणाचा असतोयच," मामंजी म्हणाले. "परका आला तर त्याला ना वरची आळी ठाऊक, ना खालची."

"ठाऊक न्हाई त्योच न्याय करनार काय?" दादा म्हणाला. "एका नावाची चार चार मानसं हायती गावात. त्याला कोन सांगनार ह्यो कुठला बापू? तुमीच सांगनार न्हवं? आमी आमचा मानूस मत टाकून निवडणार. लोकशाही हाय."

"टाक मत. पर ती मतं मोजणार कोन?"

निवडणूक घेणाऱ्याची निवडणूक घ्यायला आणखी एक माणूस लागणार, आणि त्याला निवडायला आणखी एक. मागून कुणीतरी म्हणालं, "मग आता भैरोबालाच उठवा." पुन्हा हसाहशी झाली. दादानं एक नाव सुचवलं, ते मामंजींच्या माणसांनी पाडलं. त्यांनी सुचवलेलं दादाच्या माणसांनी पाडलं. चहा आला आणि संपला. शेवटी देवळाचा शंकर गुरव कंटाळून म्हणाला, "अरं, दोघांचंबी असंल असं एक मानूस हाय की गावात. शालन मास्तरीन. हिकडची लेक, तिकडची सून."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. आईनं खालच्या खाली माझ्या मांडीला चिमटा काढला. "नको म्हन," ती पुटपुटली. पण तोवर हात वर गेले होते, वरच्या आळीचे आणि खालच्याही. या गावानं एकमतानं केलेली गोष्ट मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. कारण उघड होतं. दादाला वाटलं, बहीण आहे. मामंजींना वाटलं, सून आहे. मला काय वाटतं हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी तेव्हा गावच्या हायस्कुलात गणित शिकवायचे, म्हणजे मोजता तरी येत असणार, एवढी पात्रता पुरेशी होती.

तालुक्याच्या सहकार खात्यातून मुजावर साहेब यायचे होते, पण आता फक्त लक्ष ठेवायला. निर्णय सगळा माझा. तारीख दिवाळीची ठरली, कारण पुण्या-मुंबईची पोरं तेव्हा घरी असतात. तारीख ठरवणारे सगळे पुरुष होते. तो दिवस वसुबारसेचा आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. बायकांना कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलंही नाही.

मधल्या दिवसांत माझी बडदास्त ठेवली गेली. माझे यजमान फौजेत, पठाणकोटला. घरात मी आणि सासू-सासरे. एरवी माझ्या चहात दूध कमी पडलं तरी लक्ष न देणारी आमची आत्ती, म्हणजे सासूबाई, मला सायीसकट दूध देऊ लागली. मामंजी निवडणुकीचं एक अक्षर बोलले नाहीत. फक्त "शालन" म्हणायचं सोडून "बाईसाहेब" म्हणायला लागले, थट्टेनं, पण पुरतं थट्टेनंही नाही.

दादा एकदा शाळेत आला. व्हरांड्यात उभा राहून म्हणाला, "शाले, काय इचार हाय?"

"मतं मोजायचा."

"मोज की. पर मोजताना पाठीला भाऊ हाय तेवढं ध्यानात ठेव."

"आणि समोर सासरा आहे ते?"

"त्यो आज हाय. भाऊ जल्माचा असतोय." हे म्हणताना तो हसला नाही.

त्याचं मला वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. माझ्या लग्नात सगळी धावपळ त्यानंच केली होती. आमचे आप्पा, म्हणजे वडील, घरात असून नसल्यासारखे, कारभार त्याच्याच हातात. तापट, पण माझ्यावर जीव होता.

त्या रात्री जेवताना आत्ती भाकरी वाढता वाढता सहज म्हणाली, "निकाल काय बी लागू दे पोरी, एक उंबरा तुला बंद होनार बघ." तिनं ते दुष्टपणे म्हटलं नव्हतं. पाऊस येणार म्हणावं तसं म्हणाली. मी घास गिळला आणि विचार केला की बंद झालाच तर कुठला सोसेल.

मतदान संस्थेच्या दूध घ्यायच्या खोलीत होतं. मापं, किटल्या एका कोपऱ्यात रचल्या होत्या आणि दुसऱ्या कोपऱ्यात सतरंजीचा पडदा लावून आत टेबल ठेवलं होतं. मतपत्रिकेवर दोन चौकोन. वर दादाचं नाव आणि गाईचं चित्र, खाली मामंजींचं नाव आणि किटलीचं. पडद्याआड जायचं, हवा त्या चित्रावर रबरी शिक्का मारायचा, घडी घालून पेटीत टाकायची.

सकाळी पुरुष आले. दुपारनंतर बायकांची रीघ लागली आणि सगळ्यांच्या हातांत ताटं. हळद, कुंकू, फुलं, बाजरीची भाकरी, गवारीची भाजी. मत देऊन तशाच पुढं गुरवाच्या गोठ्यात जायच्या, कारण गावात म्हशी ढीगभर, पण वासराची गाय त्या वर्षी त्याच्याकडंच होती. मुजावर साहेब जेवायला गेले होते. ताटं ठेवायला जागा नव्हती. ज्या ताटासकट पडद्याआड गेल्या त्यांना मी अडवलं नाही. कुंकवानं काय होणार आहे, असं मला वाटलं.

आईही आली. नवं इरकल नेसली होती. मी नियमानं विचारलं, "नाव सांगा."

"आगं, आईला नाव इचारतीस?"

"विचारावं लागतं."

तिनं पदर सारखा केला आणि शाळेतल्या पोरीसारखं खणखणीत सांगितलं, "हौसाबाई श्रीपती चौगले. आनि तुझं?"

रांगेतल्या बायका खिदळल्या. मी मान खाली घालून तिच्या बोटाला शाई लावली. ती ताट सांभाळत पडद्याआड गेली. आत तिनं थोडा वेळ घेतला. सगळ्याच म्हाताऱ्या घेत होत्या.

मतमोजणी तिथंच, दिवेलागणीच्या आधी सुरू झाली. टेबलाशी मी, शेजारी मुजावर साहेब, समोर दोन खुर्च्यांवर दादा आणि मामंजी. बाकी गाव बाहेर, खिडक्यांशी. बायका पूजा आटोपून पायऱ्यांवर येऊन बसल्या होत्या. मी एकेक कागद उलगडायचे, दोघांना दाखवायचे आणि गाईच्या नाहीतर किटलीच्या गठ्ठ्यात टाकायचे. बऱ्याच कागदांवर कडेला कुंकवाची बोटं उमटली होती. पहिल्या दोन-तीन वेळा दादा कुरकुरला, मग दोघांनी मान्य केलं की हाताला लागलेलं कुंकू कागदाला लागणारच.

मग एक कागद आला आणि मी तो बाजूला ठेवला. "हा शेवटी बघू," म्हणाले. आवाज नेहमीसारखा निघाला याचं मला अजून नवल वाटतं.

मोजणी संपली तेव्हा एकशे अठरा मतं गाईला आणि एकशे अठराच किटलीला. आणि तो एक कागद.

मी तो मधोमध ठेवला. किटलीवर शिक्का होता, ठसठशीत, मधोमध. पण वरच्या चौकोनात गाईच्या कपाळावर हळदीचं एक बोट आणि त्यावर कुंकवाचं. हे चुकून लागलेलं नव्हतं. नेटकं लावलेलं होतं. आणि त्याच चौकोनात, गाईच्या पोटाशेजारी, जिथं चित्रात काहीच नव्हतं तिथं, आणखी एक तसंच. हळद आणि वर कुंकू.

"हे मत माझं," दादा आधी बोलला. "गाईला कुंकू लावलंय. दोनदा. मानूस पुजतंय कुनाला? ज्याला मानतंय त्याला. शिक्क्याचं कळलं नसंल म्हातारीला."

"शिक्का बराबर मारलाय की," मामंजी म्हणाले. "आज वसुबारस हाय. गाय समूर आली, बाईमानसानं कुंकू लावलं. मत दिलंय किटलीला. पूजा येगळी, मत येगळं."

"वा रे वा! पूजा माझी आनि मत तुमचं?"

मुजावर साहेबांनी चष्मा पुसला. बेताचा, कमी बोलणारा माणूस. "मत म्हणजे शिक्का," ते म्हणाले. "शिक्का एकच आहे. त्याबद्दल वाद नको. पण नियम आणखी एक आहे. मतदार कोण आहे हे ज्यावरून ओळखता येईल अशी खूण कागदावर असली, तर ते मत बाद. मत गुप्त पाहिजे."

दादाच्या ध्यानात लगेच आलं. मत बाद झालं की बरोबरी, आणि बरोबरी झाली की चिठ्ठी. चिठ्ठीत नशीब तरी असतं. "मग बाद करा," तो म्हणाला. "अशी खूण कोन बी वळखंल."

"कुणाची आहे सांगा मग."

दादानं कागद उचलला. उजेडाकडं धरला. कपाळावरचं बोट पाहिलं, बाजूचं पाहिलं. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते.

कागद उलगडला त्या क्षणीच मी ओळखलं होतं. मी तिसरीत असताना आमच्या कपिलेचं वासरू ऐन वसुबारसेच्या तोंडावर गेलं. वासराविना गाय पुजत नाहीत. शेजारणी म्हणाल्या, या वर्षी राहू दे. आई म्हणाली, कपिलेला ठाऊक आहे वासरू कुठं उभं राहायचं ते. आणि तिनं कपिलेला कुंकू लावलं, मग तिच्या पोटाजवळ वाकून रिकाम्या भुईवर हळद-कुंकवाचं बोट टेकलं. तेव्हापासून आईची ती रीतच झाली. एकट्या गाईचं चित्र दिसो, मातीची गाय असो, ती वासराच्या जागी एक बोट टेकायची. दुसऱ्या कुणाला तसं करताना मी पाहिलेलं नाही. कपिलेच्या वेळी दादा तिथंच ओट्यावर ऊस सोलत बसला होता. पुढं दर वर्षी तो घरातच होता.

"ही सुताराच्या म्हातारीची असंल," दादा म्हणाला.

"ती लेकीकडं गेल्या, मत द्यायला आलीच न्हाई," मामंजी म्हणाले. खिडकीतून कुणीतरी हसलं.

"मग ती... गुरवाची." त्यानं कागद पुन्हा वळवला. त्याला मनापासून ओळखायचं होतं. ओळखण्यावर त्याची खुर्ची होती. पण त्याला येईना. शेवटी त्यानं कागद टेबलावर टाकला. "कोन बी असंल. काय सांगावं."

"पोवार?" साहेबांनी विचारलं.

मामंजींनी खाली बघितलंसुद्धा नाही. "मला न्हाई वळखत."

"बाई, तुम्हाला? तुम्ही अधिकारी आहात. तुम्हाला ओळख पटते कुणाची?"

पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या. मान जराशी वर केली असती तर आई दिसली असती. मी केली नाही. हो म्हटलं तर मत बाद, चिठ्ठी, कदाचित दादा चेअरमन, माझं माहेर शाबूत. पण मग 'कुणाची' याचं उत्तर द्यावं लागलं असतं, सगळ्या गावासमोर, तिच्या मुलासमोर. आई पडद्याआड गेली होती ती कशासाठी? तिनं तिथं केलं ते तिथंच राहायला हवं होतं.

"नाही," मी म्हणाले. "ओळख पटत नाही. शिक्का किटलीवर आहे. मत वैध."

बाहेर खालच्या आळीचा एकच गलका झाला. मामंजी उठले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दादा उठला.

"आमी हात वर करून निवडली तुला," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "सरकारी मानूस नको म्हनून मीच भांडलो. बहीन हाय म्हनून."

"सरकारी माणूस असता तर त्यानंही हेच केलं असतं, दादा."

"त्यानं केलं असतं तर मी घरी जाऊन झोपलो असतो." तो दाराशी थांबला. "तुला आता वरच्या आळीला काय काम न्हाई."

मला रडू आलं. मी सहीसाठी कागद ओढले आणि सह्या करत राहिले. अधिकाऱ्याला एक सोय असते, सह्या पुष्कळ असतात.

मुजावर साहेबांना मी मोटरसायकलपर्यंत सोडायला गेले. त्यांनी पेटी मागं बांधली, किक मारायला पाय उचलला आणि थांबले. "बाई, एक विचारू? नाही, राहू दे. विचारलं तर तुम्हाला सांगावं लागेल." मग म्हणाले, "नेमलेल्या माणसाचं एवढंच बरं असतं बघा. काम झालं की त्याला गाव सोडून जाता येतं." त्यांनी किक मारली आणि गेले. मी खालच्या आळीला घरी आले. आत्तीनं गूळ-खोबरं पुढं केलं आणि माझं तोंड बघून परत नेलं.

पुढचं थोडक्यात सांगते. पुढच्या सभेत दादानंच ठराव मांडला की इथून पुढं निवडणुकीला सरकारनं नेमलेला अधिकारी यावा. मामंजी त्याला म्हणाले, "आता पटलं व्हय?" आणि मग त्यांनी आणि त्यांच्या सगळ्या माणसांनी विरोधात हात वर केले, कारण गावातली अधिकारी त्यांना लाभली होती. ठराव पुढं कधीतरी पास झालाच. दादा माझ्याशी बोलायला लागला तो त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नात. आहेर घेऊन मी मांडवात उभी होते, तर म्हणाला, "उभी का? बस की." बस्स, तेवढंच. आता तो थकलाय, आता आम्ही बोलतो. त्या कागदाचं मी त्याला कधी सांगितलं नाही. आईही गेली, म्हणून इथं तरी सांगते आहे.

पण मला सांगायचं होतं ते त्याच वर्षीच्या भाऊबीजेचं.

दादा येणार नाही हे ठाऊक होतं, तरी मी पाट मांडला, रांगोळी घातली, निरांजन तयार ठेवलं. दिवस कलला तेव्हा दारात आई दिसली. हातात कानवल्यांचा डबा. आत्तीनं तिला पाणी दिलं आणि "मी जरा धार बघून येतो" म्हणून गोठ्यात निघून गेली. धारा केव्हाच झाल्या होत्या.

आई पाटाकडं बघून खाली सतरंजीवर बसली.

"त्यो येत न्हाई," ती म्हणाली. "मी म्हटलं जा. ताट ढकलून उठला."

"जेवला तरी?"

"न जेवता ऱ्हातोय व्हय? मागनं जेवला." तिनं डबा माझ्यापुढं सरकवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "वळखलंस न्हवं?"

"कागद उघडला तसं."

"मग त्या सायबाला न्हाई कसं म्हनलीस?"

"आई, नाव सांगावं लागलं असतं. तुला त्या घरात राहायचंय."

"माझ्यापायी खोटं बोललीस?" ती रागावलीच. "मी समजलो, मत बराबर हुतं म्हनून धरलंस."

"बरोबर होतंच की. शिक्का बरोबर होता."

"मग झालं तर." तिचा राग जसा आला तसा गेला. ती कानवल्याचा एक तुकडा मोडून स्वतःच खाऊ लागली.

मला राहवलं नाही. मला वाटत होतं ते मी विचारलं. "तू मामंजींना का दिलंस? माझ्यासाठी? माझं सासर नीट राहावं म्हणून?"

आई माझ्याकडं बघत राहिली, आणि मग तोंडाला पदर लावून हसली. "तुझा काय संबंध गं? मास्तरीन झालीस तरी समदं तुझ्याभवतीच फिरतंय व्हय?"

"मग?"

"पहाटंचं दूध घालायला बायका उघड्यावर उभ्या ऱ्हात्यात. पावसात, थंडीत. मी दोन वर्सं सांगालो त्याला, एक पत्रा टाक वर. त्यानं काय केलं? चेरमनला काचंची केबिन केली. फिरती खुर्ची आनली." तिनं तुकडा संपवला. "मताच्या आदल्या दिशी पुन्हा म्हटलं, पत्र्याचं बघ की रं. पेपरातनं मान वर न्हाई काढली. म्हनतोय, आई, तुला काय कळतंय त्यातलं. घरात त्याची आई हाय, मान्य. पर डेरीत मी सभासद हाय. माझ्या नावाचा शेर हाय."

खरं सांगायचं तर पत्रा टाकायला मामंजींनीही पुढं दोन पावसाळे लावले. पण ते तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. निरांजनातली वात मी उगाच नीट करत होते. मला हलकं वाटत होतं आणि त्याचबरोबर खूप एकटंही. पाटावर कुणी नव्हतं.

"शाले," आईनं विचारलं, "त्यानं बघिटला काय कागद?"

"बघितला. हातात घेऊन, उजेडाला धरून बघितला."

"दोन्ही बोटं?"

"दोन्ही. ओळखलं असतं तर मत बाद झालं असतं, आई. चिठ्ठी पडली असती. त्याला ओळखायचंच होतं."

"मग?"

"कोण बी असंल, म्हणाला."

डब्याचं झाकण आईनं लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग उठली, पदर खोचला आणि दाराकडं जाता जाता म्हणाली, "तेवढं वळखनारा असता, तर त्यालाच दिलं असतं की मत."